तुंगाक्कांची बस बंद पडते तेव्हा

आमच्या घरात कुणी म्हैसूर-बंगळूर करून आलं, की त्याला 'काय काय पाहिलंत?' असं विचारत नाहीत. 'बस कुठं बंद पडली?' असं विचारतात. नवख्या माणसाला हे विचित्र वाटतं. तो म्हणतो, नाही हो, बस चांगली होती. मग मी घसा खाकरतो, आमची मुलं एकेक करून आतल्या खोलीत सटकतात, आणि नवखा तेवढा सापडतो. आज तुम्ही सापडलात.

छप्पन-सत्तावन सालची गोष्ट. मी पुण्याचा. एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून नेमणूक झाली आणि नव्या बायकोला, निर्मलाला, घेऊन मी बंगळूरला उतरलो. चामराजपेटेत राव म्हणून एका मराठी घराची मागची खोली रिकामी आहे असं कळलं. मराठी म्हणजे केव्हातरी फौजेबरोबर खाली आलेलं आणि परत जायचं विसरून गेलेलं घराणं. बाहेर कानडी, घरात मराठी; आणि ती मराठी अशी, की पहिल्या दिवशी मला वाटलं हे कुठल्या तरी जुन्या बखरीतून जेवायला उठून आलेत.

दार उघडलं ते तुंगाक्कांनी. ठेंगण्या, सावळ्या, चापूनचोपून नेसलेलं नऊवारी, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा. खोली बघायला आलोय म्हटल्यावर म्हणाल्या, "खोली कुठं पळून जात्येय? आधी लालबाग बघू की. चला."

आम्ही निघालो. लालबागेत काचेचं घर पाहिलं, तळं पाहिलं, आणि एका चौफुलीवर अक्का एकदम थांबल्या. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अय्यो, वाट चुकल्ये बघा. आता कुठल्या बाजूनं जायचं?" मी ड्राफ्ट्समन. दिशा हा माझा धंदा. मी सूर्य पाहिला, सावल्या पाहिल्या, निर्मलाला "माझ्या मागून ये" म्हटलं, आणि दोघींना मोठ्या आत्मविश्वासानं रोपवाटिकेच्या मागच्या भिंतीशी नेऊन उभं केलं. त्या भिंतीला दार नव्हतं. मी ती भिंत इथं असायला नको होती असं सिद्ध करत होतो, तोवर निर्मलानं खुरपणी करणाऱ्या एका बाईला खाणाखुणा करून वाट विचारली. आम्ही बाहेर पडलो.

दारातच अक्का म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. खोली तुमची."

ज्या बाईनं अर्धं आयुष्य लालबागेत फिरण्यात काढलं ती लालबागेत चुकते कशी, हे मला बरेच महिने कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनीच सांगितलं, "तुमची परीक्षे घेतली मी. तुम्ही नापास. खोली तुमच्या बायकोला दिली, तुम्ही तिच्याबरोबर राहताय एवढंच."

परीक्षा नव्हे, परीक्षे. हा कानडी उच्चार त्या इतक्या ठासून करत, की आपली परीक्षा त्यापुढं फारच लिंबूटिंबू वाटे. मी ड्राफ्ट्समन आहे हे कितीदा सांगूनही मला त्या शेवटपर्यंत 'इंजिनेर' म्हणाल्या. पुढं पुढं मी दुरुस्त करायचं सोडून दिलं. ती पदोन्नती मला दुसरीकडून मिळायची लक्षणं नव्हती.

त्या काळी महाराष्ट्रातून बंगळूरला येणारा प्रत्येक मराठी माणूस कुणाकडे तरी उतरायचा, आणि उतरल्यावर त्याला 'जरा म्हैसूर दाखवा' असं वाटायचं. चामराजपेटेत ही सगळी माणसं शेवटी अक्कांकडे पोचत. अक्का मुनियप्पा नावाच्या ड्रायव्हरची छोटी बस ठरवत, स्टो, तांदूळ, डाळी, पातेली टोपल्यांत भरत, पायांत पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट चढवत, आणि पंधरा-वीस माणसांची वरात घेऊन निघत. यात त्यांना काही मिळायचं नाही. त्यांचे यजमान राव, पोस्टातून निवृत्त झालेले, उंच, शांत गृहस्थ, मागच्या बाकावर टोपल्यांशेजारी बसत. पुढं मीही तिथंच बसू लागलो. टोपल्या उचलायला इंजिनेर बरे पडतात.

म्हैसूर मुलूख अक्का आपल्या माहेरच्या चीजवस्तूसारखा दाखवत. कावेरी कुठं वळते, नंजनगुडची केळी कशानं गोड, चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांवर लाखेचा रंग कसा चढतो, हे सगळं 'आमच्याकडचं' म्हणून यायचं. पोस्टरवर जे असतं त्याकडे मात्र त्या शेवटी वळायच्या. हळेबीडला गेल्यावर सगळ्यांच्या माना वर, मूर्तींकडे. अक्का सगळ्यांना खाली बसवत. "वरच्या सुंदऱ्या कुणीही बघंल. हे खालचे हत्ती बघा. एकासारखा दुसरा नाही. सगळं देऊळ यांच्या पाठीवर, आणि यांच्याकडे बघायला कुणाला मान वाकवायला नको." मग खरोखर वीस मराठी माणसं उकिडवी बसून हत्ती बघत देवळाला वळसा घालायची. बाकीच्या प्रवाशांना वाटे, कुणाचं तरी कानातलं हरवलंय.

तुलना केलेली त्यांना खपायची नाही. माझे एक काका आले होते. त्यांना सगळीकडे पुणं दिसायचं. चामुंडीचा डोंगर चढताना म्हणाले, "आमच्या पर्वतीसारखंच की." नंदी बघून म्हणाले, "आमच्याकडेही आहे, जरा लहान." परत आल्यावर अक्का त्यांना लालबागेतल्या त्या अजस्र उघड्या खडकावर घेऊन गेल्या. "बसा, काका." काका बसले. "कुठलेसे एक प्रोफेसर आले होते मागं. त्यांनी सांगितलं, हा खडक तुमच्या सह्याद्रीपेक्षा कितीतरी म्हातारा. सह्याद्री यापुढं काल रांगायला लागलेलं पोर." मग म्हणाल्या, "वडीलधारे आहेत. तुम्ही त्यांच्यावर बसलात. नमस्कार करून उठा."

आणि काकांनी केला. मी पाहिलाय. पुण्यात त्यांनी ही गोष्ट कधी सांगितली नाही, म्हणून मला सांगावी लागते.

पण अक्कांची खरी ख्याती होती ती सोयरिकी जुळवण्यात. चहापोह्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "पाटावर बसून कुणीही शहाणं दिसतं हो. माणूस बघायचा तर प्रवासात बघावा. तोही सगळं सुरळीत चाललंय तेव्हा नाही. स्वल्प बिघडल्यावर." म्हणून दोन्ही पक्षांना त्या सहलीला नेत आणि सहलीत काहीतरी बिघडवत. मुनियप्पा यात सामील असे. कधी बस माळावर बंद पडे, कधी पाण्याची कळशी मागं राहून जाई. एकदा श्रवणबेळगोळला सगळी मंडळी अनवाणी, तापत चाललेल्या दगडी पायऱ्या चढून गोमटेश्वराच्या पायाशी पोचली आणि अक्का म्हणाल्या, "अय्यो! फराळाची टोपली खालीच राहिली." बरोबर दोन उपवर मुलगे होते. एक म्हणाला, "कुणा गड्याला पाठवा." दुसरा मुकाट्यानं उतरला. बऱ्याच वेळानं टोपली घेऊन वर आला आणि म्हणाला, "अक्का, यातल्या बऱ्याच कोडबळ्या मी वाटेत खाल्ल्या. राहवलं नाही."

अक्कांनी त्याच दिवशी त्याचं जमवून टाकलं. मला म्हणाल्या, "गेला, खाल्लं, आणि येऊन सांगितलं. संसाराला आणखी काय लागतं, इंजिनेर?"

बसमध्ये मी त्या टोपलीजवळच बसलो होतो आणि त्या कडबोळ्यांसारख्या खुसखुशीत कोडबळ्यांतला काही भाग माझ्याही पोटात होता, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

असं सगळ्यांचं जमवता जमवता त्यांच्या स्वतःच्या मुलीचं, वसूचं, लग्नाचं वय झालं. वसू बी.एस्सी. झालेली, शाळेत शिकवायची. सगळ्यांसारखी तीही आईला अक्काच म्हणायची. निर्मलाची सुशीलामावशी पुण्याची. मावशींचा मुलगा माधव बंगळूरलाच एका संशोधन संस्थेत होता आणि रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. जेवण झाल्यावर जायचा नाही. मला आधी वाटलं, आमची संगत आवडते. मग लक्षात आलं की वसू अंगणात कपडे वाळत घालायला आली की याला एकाएकी उन्हात बसावंसं वाटतं. निर्मलानं अक्कांच्या कानावर घातलं. अक्का म्हणाल्या, "पोरगा बरा आहे. पण लग्न पोराशी होतं, नांदायचं सासूशी असतं. मावशींना बोलवा. बस ठरवते."

मावशी आणि त्यांचे यजमान तात्या पुण्याहून आले. वसूला सगळं ठाऊक होतं. आईच्या किती परीक्षा तिनं स्वतः टोपल्या लपवून पार पाडल्या होत्या. निघायच्या दिवशी सकाळी ती निर्मलाला हळूच म्हणाली, "वैनी, तुमच्या मावशी नापास झाल्या, तर मी काय करू हो?" मी पहिल्यांदाच त्या मुलीचा चेहरा नीट पाहिला. एरवी आईसारखीच खणखणीत. त्या दिवशी ओठ कोरडे पडले होते.

श्रवणबेळगोळ झालं, बेलूर झालं, हळेबीडला मावशींनी उकिडवं बसून हत्ती पाहिले. आणि हासनच्या वाटेवर, एका तळ्याकाठी, ठरल्याप्रमाणे मुनियप्पानं बस थांबवली, झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि निराशेनं मान हलवली. तो हे इतकं झकास करायचा की मलासुद्धा दरवेळी काळजी वाटे.

"आता हो?" अक्का म्हणाल्या. "स्टोत तर तेल नाही."

मावशींनी इकडंतिकडं पाहिलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "तीन दगड मिळतील ना? तात्या, काटक्या आणा. माधव, पाणी." अर्ध्या तासात तिथं चूल पेटली होती. अक्का बिसीबेळेचं, म्हणजे डाळ-तांदूळ-मसाल्याच्या त्या गरम भाताचं सामान काढून देत होत्या आणि मावशी धुरानं लाल झालेले डोळे पुसत ढवळत होत्या. वर म्हणतात, "घरापेक्षा इथंच बरं. तात्यांचं वर्तमानपत्र नाही, काही नाही." वसूनं निर्मलाचा हात इतका दाबला की बांगडी पिचली.

अक्का खुलल्या. परीक्षे संपली होती, पहिला वर्ग मिळाला होता. पानं मांडली गेली. आणि त्या आनंदात, मावशींनी सहज, कौतुकानं विचारलं, "राव किती शांत आहेत हो. तुमची ओळख होती का आधीची?"

"ओळख कसली?" अक्का हसत म्हणाल्या. "सख्खा मामा माझा. आईचा धाकटा भाऊ. मला खांद्यावर घेऊन रथ दाखवायला न्यायचे."

मावशींचा घास हातातच राहिला. तात्यांना ठसका लागला. आम्हा पुण्याकडच्यांना मामेबहीण ठाऊक, तीही कुणी केली तर, पण मामा! रावांनी मात्र भातावर तूप वाढून घेतलं. त्यांच्या मुलखात यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

"मामाशी?" मावशी कशाबशा म्हणाल्या.

"मग? परक्याशी करायचं की काय?" अक्का म्हणाल्या.

त्यानंतर कुणी भात मागितला नाही. मुनियप्पानं बस दुरुस्त केली. म्हैसूर येईपर्यंत वसू खिडकीतून बाहेर अशी बघत होती की जणू तो रस्ता तिनं आधी कधी पाहिलाच नव्हता.

म्हैसूरला आम्ही धर्मशाळेत उतरलो. दुसऱ्या दिवशी राजवाडा बघायला मावशी आल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणाल्या. निर्मला जवळ बसली तेव्हा म्हणाल्या, "मुलगी सोन्यासारखी आहे ग. पण उद्या चार लोक विचारतील, व्याही कोण, विहीण कोण. मी काय सांगू? मामा-भाची? मला हे जमायचं नाही." माधव म्हणाला, मला जमतंय. त्यावर तात्या म्हणाले, तू गप्प बस. आणि तो खरंच गप्प बसला, हे मला त्याचं आवडलं नाही.

संध्याकाळी तात्यांच्या आग्रहानं मावशी वृंदावन बागेत आल्या. धरणाच्या पायथ्याशी ती रंगीत कारंजी. सगळी जनता तोंडं वर करून बघत होती. अक्का सरळ मावशींच्या बाकावर जाऊन बसल्या. मी जवळच होतो. माझ्या हातात अर्थातच टोपली.

"निर्मलानं सांगितलं मला," अक्का म्हणाल्या. "तुम्हांला जमायचं नाही म्हणे."

"राग मानू नका, अक्का. आमच्यात हे..."

"रागाचं नाही. पण मी तुमची परीक्षे घेतली, तुम्ही पहिल्या वर्गात पास. आता तुम्ही मला नापास करताय, तर कुठल्या प्रश्नाला ते तरी सांगा की."

"परीक्षा? कसली परीक्षा?"

अक्का थांबल्या. मी टोपली दुसऱ्या हातात घेतली. पण ती बाई पळ काढणारी नव्हती. "बस बिघडली नव्हती," त्या म्हणाल्या. "मुनियप्पाला मीच सांगितलं होतं. स्टोत तेलही होतं."

कारंजं लाल झालं, त्या उजेडात मावशीही लाल झाल्या. मग ते हिरवं झालं. मावशी लालच राहिल्या. "म्हणजे धुरानं माझे डोळे फुटायची वेळ आली ते... नाटक?"

"नाटक बसचं. डोळे खरे. म्हणून तर पास."

मावशी उठून गेल्या. अक्का बाकावर तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "इंजिनेर, माझ्या पोरीचं मी वाटोळं केलं का हो?" मी काहीतरी धीराचं बोलणार होतो. त्या म्हणाल्या, "नको. तुम्ही वाट दाखवू नका." आणि उठल्या.

तिसऱ्या दिवशी परतीचा प्रवास. वाटेत श्रीरंगपट्टण. तिथं कावेरी दोन फाटे होऊन बेटाला वळसा घालते आणि पुढं पुन्हा एक होते. संगमावर अक्कांनी एक शेवटचा प्रयत्न करून पाहिला. म्हणाल्या, "बघा मावशी, नदीसुद्धा लांब जाऊन शेवटी आपल्यातच येते." मावशी म्हणाल्या, "नदीला पुण्यात राहायचं नसतं." विषय संपला. पण तिथून निघताना मावशी वसूला बाजूला घेऊन काही बोलल्या. मला वाटलं, नकार समजावून सांगतायत. वसू आधी मान खाली घालून ऐकत होती, मग एकदम वर बघून मुनियप्पाकडे गेली.

मंड्याच्या पुढं, दोन्ही बाजूंना ऊस, वर टळटळीत ऊन, आणि बस थांबली. मुनियप्पानं झाकण उघडलं, डोकं आत घातलं, निराशेनं मान हलवली.

सगळ्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी मुनियप्पाकडे. "मी नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. कुणाचा विश्वास बसला नाही. त्या खाली उतरल्या, मुनियप्पाशी कानडीत कडाकडा बोलल्या, आणि परत आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. "खरंच बिघडली हो. खायला काही नाही. पाणीही संपलंय."

मावशी सीटवर ताठ बसून होत्या. "आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

अक्कांनी छत्री उघडली. "बसा. मी येते." आणि उसातल्या पायवाटेनं निघाल्या. राव टोपल्यांमधून उठून मागोमाग उतरले.

"तिकडं नाही, इकडं," राव म्हणाले. आम्ही सगळे चमकलो. त्यांचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हांला दिशा कधी कळली?"

"धूर दिसतोय बघ, गुऱ्हाळाचा. गाव त्या बाजूला आहे."

"तो धूर नाही, धूळ आहे."

"दिशा कळत नसती तर लग्नाला पोचलो असतो का मी?"

"पोचताय कुठून? घरातच होता की माझ्या!"

बसमध्ये आधी तात्या हसले, मग निर्मला. मावशींनी तोंडाला पदर लावला. उन्हात ती दोघं हातवारे करत भांडत होती. छत्री कुणी धरायची यावर भांडत होती. शेवटी राव छत्री हिसकावून घेऊन अक्कांच्याच डोक्यावर धरून चालू लागले, आणि अक्का त्या छत्रीतून मुद्दाम चार पावलं बाहेर, उन्हात. राव पुन्हा छत्री घेऊन त्यांच्या मागं. अशी ती वरात उसात दिसेनाशी झाली.

परत आली ती बैलगाडीतून. गाडीत गुऱ्हाळातला गरम गूळ केळीच्या पानावर, कळशीभर पाणी, काकडी, ओल्या शेंगा, आणि गुऱ्हाळवाल्याची बायको, जिला अक्कांनी 'पाहुण्यांना वाढायला' म्हणून बोलावून आणलं होतं. धूर धूरच होता. राव गाडीतून ज्या ऐटीनं उतरले त्यात ते दिसत होतं. अक्कांनी आधी मावशींना वाढलं. उन्हानं तोंड काळवंडलेलं, गजरा कुठंतरी उसात पडलेला. म्हणाल्या, "खावा. भांडायचं असलं तर खाऊन भांडू."

मावशींनी गुळाचा खडा तोंडात टाकला. मग वसूकडे पाहून मान हलवली. वसू मुनियप्पाला म्हणाली, "सरी, होगोणा." चला, निघू या. मुनियप्पानं झाकण लावलं आणि बस पहिल्या झटक्याला सुरू झाली.

अक्कांच्या हातातलं पान तसंच राहिलं. त्यांनी बसकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, मग लेकीकडे. "तू पण?"

"पेपर त्यांनी काढला, अक्का," वसू म्हणाली. ती हसत होती. "मी नुसतं कानडी केलं."

"आणि निकाल?"

मावशींनी पदरानं बोटं पुसली. "मी रात्रभर विचार करत होते," त्या म्हणाल्या, "की ही माणसं घरात वागत कशी असतील? मामा-भाचीसारखी? म्हटलं, एकदा पाहू तरी. पाहिलं." त्या तात्यांकडे वळल्या. "अहो, भांडतात तर अगदी आपल्यासारखे."

तात्या म्हणाले, "छत्रीचं तर शब्दन्‌ शब्द."

अक्का रस्त्यातच मटकन खाली बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला, तो बराच वेळ काढला नाही. राव छत्री धरून उभे होते.

लग्न चामराजपेटेतच झालं. मावशींना पुण्यात चार लोकांनी विचारलंच, आणि त्यांनी काय सांगितलं ते मला ठाऊक आहे: "आमच्या विहीणबाई? त्यांचं काय विचारता, सगळं म्हैसूर त्यांचं आहे."

माधव-वसू काही वर्षं बंगळूरलाच राहिले. मग साठच्या दशकाच्या अखेरीस माधवची बदली पुण्याला झाली, आणि योगायोगानं त्याच सुमारास माझीही. आम्ही एकाच गाडीनं निघालो. वसूच्या कडेवर पोर, निर्मलाभोवती आमची पोरं, सामानाचा डोंगर. राव आजारी होते, आले नव्हते. अक्का एकट्याच फलाटावर आल्या होत्या. थकल्या होत्या, पण डबा आमच्या आधी त्यांनी शोधला, खिडकीची जागा त्यांनी धरून दिली, आणि समोरच्या बाकावरच्या गृहस्थांना उठवून दुसरीकडे बसवलं.

वसू खिडकीत बसली. ती रडत होती. गाडी सुटायची वेळ झाली. आम्हांला वाटलं, आता अक्का काहीतरी बोलतील, तब्येतीला जप, पत्र घाल, असं.

अक्का गज धरून म्हणाल्या, "ह्या डाव्या बाजूलाच बस. पोराला मांडीवर घे. पुढं शिवगंगेचा डोंगर दिसंल. एका बाजूनं नंदी दिसतो, दुसऱ्या बाजूनं गणपती, एकीकडून लिंग, एकीकडून नाग. आपण येतो त्या बाजूनं नंदी. त्याला दाखव. बोलत बसू नको, चुकंल."

"ठाऊक आहे मला, अक्का," वसू हुंदका देत म्हणाली.

"तुला ठाऊक आहे. त्याला कुठं?"

गाडी हलली. फलाटावर सगळ्यांचे हात हलू लागले. अक्कांनी हात हलवला नाही. गर्दीत त्या आधीच ठेंगण्या, त्यात गाडी पुढं सरकतेय. तरी त्या मला शेवटपर्यंत दिसत होत्या, कारण त्यांचा हात तेवढा वर होता. तो पुढच्या बाजूला रोखलेला होता, डोंगर ज्या बाजूला येणार होता तिकडं. आणि वसूनं डोळे पुसले, पोराला उचलून खिडकीशी उभं केलं, आणि तिकडं बघू लागली.